‘पिक’ कुठे आणि ‘पिक अप’ कुठे? रोजच्या इंग्रजीतलं एक क्रियापद, पायरीपायरीने

‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल.’ ‘प्लीज पिक मी फ्रॉम अजनी.’ ‘आय विल पिक अप यू ॲट सेव्हन.’ नागपुरात ऑफिसात, कॉलेजात, व्हॉट्सॲपवर ही तीन वाक्यं रोज ऐकू येतात. समोरच्याला ती कळतात, म्हणून कुणी दुरुस्त करत नाही. पण तिन्ही चुकलेली आहेत. पहिल्या दोनांत ‘अप’ गळलं आहे, तिसऱ्यात ते चुकीच्या जागी बसलं आहे. या क्रियापदाच्या बहुतेक चुका याच दोन प्रकारांत येतात, त्यामुळे आधी त्या दुरुस्त करू आणि मग अर्थांकडे वळू.

आधी एकटा ‘पिक’

एकट्या ‘पिक’चे मुख्य अर्थ दोन: तोडणं आणि निवडणं. झाडावरचं फूल, फळ, भाजी खुडली की ‘पिक’. चार पर्यायांतला एक घेतला की ‘पिक’. उचलणं, घ्यायला जाणं, फोन घेणं हे अर्थ त्यात नाहीत. ते ‘अप’ जोडल्यावरच येतात.

हा फरक संत्र्यावर नीट दिसतो. काटोल-नरखेडकडच्या बागेत आंबिया बहाराचा तोडा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये चालतो. मजूर झाडावरून फळ काढतात ते ‘दे आर पिकिंग ऑरेंजेस’. त्याच बागेत फळगळ झाली आणि खाली पडलेली फळं गोळा करून बागेबाहेर टाकायची असतील, तर ‘दे आर पिकिंग अप द फॉलन ऑरेंजेस’. कळमन्याच्या बाजारातून घरी येताना दोन डझन घेऊन आलात, तर ‘आय पिक्ड अप टू डझन ऑरेंजेस ऑन द वे होम’. आणि ढिगातून चांगली-चांगली वेचून बाजूला काढली, तर तिथे ‘पिक आउट’ लागतं: ‘शी पिक्ड आउट द बेस्ट वन्स’. फळ एकच, पण प्रत्येक कृतीला वेगळा शब्द.

आता वरचं वाक्य पुन्हा बघा. ‘प्लीज पिक मी फ्रॉम अजनी’ याचा शब्दशः अर्थ ‘अजनीतून माझी निवड करा’ असा होतो. ‘पिक मी’ हे खरं इंग्रजी आहे, पण वर्गात हात वर करून ‘मला घ्या ना संघात’ म्हणणाऱ्या पोरांचं. स्टेशनवर ताटकळणाऱ्या माणसाला ‘पिक मी अप’च म्हणावं लागतं.

‘अप’ची जागा

वाक्य जुळवताना पुढच्या क्रमाने गेलात तर जागा चुकत नाही.

पहिली पायरी: कुणाला किंवा काय, हे ठरवा. म्हणजे कर्म शोधा. ते नाम आहे (‘पार्सल’, ‘आई’, ‘की’) की सर्वनाम (‘मी’, ‘यू’, ‘हिम’, ‘हर’, ‘इट’, ‘अस’, ‘देम’)?

दुसरी पायरी: सर्वनाम असेल तर ते मधेच बसवा. ‘पिक यू अप’, ‘पिक इट अप’, ‘पिक देम अप’. इथे दुसरा पर्याय नाही. ‘पिक अप यू’, ‘पिक अप इट’ हे कुठल्याही देशातल्या इंग्रजीत चुकीचंच.

तिसरी पायरी: नाम असेल तर दोन्ही चालतं. ‘पिक अप द पार्सल’ आणि ‘पिक द पार्सल अप’, अर्थ तोच. नाम लांबलचक असेल तर मात्र ‘अप’ला आधी उरकून घ्या. ‘पिक अप द पार्सल दॅट केम फ्रॉम पुणे यस्टर्डे’ हे सरळ वाचता येतं. यातलं ‘अप’ शेवटी नेलं, तर ते येईपर्यंत ऐकणारा ‘पिक’चा अर्थ विसरलेला असतो.

चौथी पायरी: काळाचा प्रत्यय ‘पिक’ला लावा, ‘अप’ला कधीच नाही. ‘पिक्स अप’, ‘पिक्ड अप’, ‘पिकिंग अप’. ‘पिकअप्ड’ असा शब्द नाही. मराठीत आपण ‘पिकअप केलं’ म्हणतो आणि तिथे ‘पिकअप’ एकच गोळा होऊन जातो. तोच गोळा इंग्रजीत नेला की ‘आय पिकअप हिम यस्टर्डे’ तयार होतं. बरोबर वाक्य ‘आय पिक्ड हिम अप यस्टर्डे’.

पाचवी पायरी लिहिण्यापुरती. क्रियापद असेल तेव्हा दोन सुटे शब्द. नाम किंवा विशेषण असेल तेव्हा जोडून, नाहीतर मधे जोडरेघ. ‘पिकअप पॉइंट’, ‘पिकअप टाइम’ जोडून. ‘प्लीज पिक अप द फाइल’ सुटं. ईमेलमध्ये ‘प्लीज पिकअप द फाइल’ असं जोडून लिहिलेलं सर्रास दिसतं, ती चूक आहे. ‘डू पिकअप’ किंवा ‘मेक पिकअप’ हेही टाळा. क्रियापद हाताशी असताना नामाला ‘करणं’ जोडायची गरज नाही.

शब्दकोशातही ही जागा दाखवलेली असते. शिकणाऱ्यांसाठीच्या लॉन्गमन शब्दकोशात अशा क्रियापदाच्या मधे दोन्हीकडे टोक असलेला बाण असतो. बाण दिसला की कर्म अलीकडे-पलीकडे हलू शकतं, असा त्याचा अर्थ. नवीन जोडक्रियापद पाहताना अर्थ वाचायच्या आधी तो बाण बघायची सवय लावा.

कुणाला घ्यायला जाताना

हा सगळ्यात जास्त लागणारा अर्थ आहे आणि यात बारकावेही खूप आहेत.

मराठीतलं ‘घ्यायला येतो’ म्हणजे ‘पिक यू अप’, आणि ‘सोडून देतो’ म्हणजे ‘ड्रॉप यू ऑफ’. ‘ड्रॉप’च्या बाबतीत भाषा थोडी सैल आहे, ‘ड्रॉप मी ॲट व्हरायटी चौक’ हे ‘ऑफ’शिवायही बरोबर धरतात. कदाचित याच सवयीने आपण ‘पिक’चंही शेपूट तोडतो. तिथे मात्र ते चालत नाही.

कोणत्या ठिकाणाहून हे सांगायला ‘फ्रॉम’ किंवा ‘ॲट’, वेळेला ‘ॲट’, वाराला ‘ऑन’. क्रम असा ठेवा: कोण, पिक, कुणाला, अप, कुठून, कधी. ‘आय विल पिक यू अप फ्रॉम द एअरपोर्ट ॲट सेव्हन.’ सोनेगावच्या विमानतळावरून असो की गणेशपेठच्या एसटी स्टँडवरून, साचा बदलत नाही.

आता काळाचा बारकावा. ‘आय विल पिक यू अप’ हे आत्ता ठरवून दिलेलं आश्वासन आहे, ‘बरं, मी येतो घ्यायला’ या अर्थाचं. ‘आय ॲम पिकिंग हर अप ॲट सेव्हन’ म्हणजे हे आधीच ठरलेलं आहे. साहेबांनी संध्याकाळी थांबायला सांगितलं आणि मुलीला क्लासवरून आणायचं पक्कं असेल, तर दुसरं वाक्य वापरा. ‘सॉरी, आय ॲम पिकिंग माय डॉटर अप ॲट सेव्हन’ यात ‘हे टळण्यासारखं नाही’ हे आपोआप येतं. ‘आय विल पिक’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बदलता येईल.

रोजच्या गोष्टीला साधा वर्तमानकाळ. ‘द व्हॅन पिक्स द चिल्ड्रन अप ॲट ट्वेंटी टू सेव्हन अँड ड्रॉप्स देम ऑफ ॲट टू.’ इथे ‘पिक्स’मधला शेवटचा ‘स’ खाल्ला जातो, त्याकडे लक्ष ठेवा.

‘घ्यायला येणं’ यातल्या ‘येणं’ला इंग्रजीत ‘कम अँड’ किंवा ‘कम टू’ चालतं. ‘आय विल कम अँड पिक यू अप.’ ‘आय विल कम टू पिक’ म्हणून वाक्य तिथेच सोडू नका. कर्मही हवं आणि ‘अप’ही.

स्टेशनच्या बाबतीत एक व्यावहारिक गोष्ट. नागपूर रेल्वे स्टेशनला दोन बाजू आहेत: पश्चिमेचं मुख्य दार आणि पूर्वेची संत्रा मार्केटची बाजू. बाहेरगावच्या, मराठी न येणाऱ्या पाहुण्याला नुसतं ‘आय विल पिक यू अप फ्रॉम द स्टेशन’ लिहिलं, तर तो एका दारात आणि तुम्ही दुसऱ्या दारात उभे राहाल. मेसेज असा लिहा: ‘आय विल पिक यू अप ॲट क्वार्टर पास्ट सेव्हन. प्लीज कम आउट ऑन द संत्रा मार्केट साइड, नॉट द मेन एन्ट्रन्स. आय विल बी इन अ व्हाइट कार. कॉल मी इफ यू कान्ट फाइंड मी.’ चार छोटी वाक्यं, आणि वेळ, दार, गाडी, अडचण आली तर काय करायचं, सगळं त्यात आलं. मेट्रोने येणाऱ्याला सीताबर्डी इंटरचेंज सांगत असाल, तर तिथे ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही मार्गिका मिळतात. म्हणून कोणत्या रस्त्याकडच्या जिन्याने उतरायचं, तेही लिहा.

‘रिसीव्ह’ हा शब्द आपल्याकडे याच कामाला वापरतात: ‘आय ॲम गोइंग टू रिसीव्ह माय अंकल’. इंग्रजीत ‘रिसीव्ह’ला औपचारिक स्वागताचा वास आहे, मंत्र्याला विमानतळावर घ्यायला अधिकारी जातात तसा. घरच्या माणसाला गाडीत घालून आणायचं असेल तर ‘पिक अप’, आणि फलाटावर भेटून सोबत ऑटोने यायचं असेल तर ‘मीट’. ‘आय ॲम मीटिंग माय अंकल ॲट द स्टेशन.’ ‘पिक अप’मध्ये वाहन तुमचं असतं, किंवा तुम्ही सोबत आणलेलं तरी असतं. उलट बाजूला, गाडी सुटेपर्यंत थांबून निरोप द्यायचा असेल तर ‘सी ऑफ’. गेटवर उतरवून लगेच निघायचं असेल तर ‘ड्रॉप ऑफ’. मावशीबाई पुण्याला निघाल्या आणि तुम्ही ‘आय ड्रॉप्ड हर ऑफ’ म्हणालात, तर तुम्ही डब्यापर्यंत गेला नाहीत, असं ऐकणारा समजेल.

बस आणि कॅबसाठी कर्त्याची बाजू बदलते. ‘द बस पिक्स अप पॅसेंजर्स ॲट छत्रपती चौक.’ ट्रॅव्हल्सच्या तिकिटावर ‘बोर्डिंग पॉइंट’ किंवा ‘पिकअप पॉइंट’ लिहिलेलं असतं, ते नाम. कॅबचा चालक परप्रांतीय असेल आणि इंग्रजीतच सांगायचं असेल, तर ‘द पिकअप लोकेशन इज राँग, प्लीज पिक मी अप फ्रॉम द अदर गेट’. या एका वाक्यात नाम आणि क्रियापद दोन्ही येतात, म्हणून सरावाला चांगलं.

फोन

‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल’ची दुरुस्ती अशी: ‘ही इज्न्ट पिकिंग अप.’ इतकंच. कर्म लागतच नाही. कर्म हवंच असेल तर ‘द फोन’ घ्या: ‘ही इज्न्ट पिकिंग अप द फोन’. कारण सरळ आहे. जुन्या फोनचा रिसीव्हर खरोखर उचलावा लागे, आणि उचलली जाते ती वस्तू. कॉल ही वस्तू नाही, म्हणून ‘कॉल’ला ‘आन्सर’ किंवा ‘टेक’ जास्त शोभतं: ‘ही इज्न्ट आन्सरिंग माय कॉल्स’. ‘पिक अप माय कॉल’ भारतात सगळीकडे चालतं, पण बाहेरच्या ग्राहकाशी बोलताना ‘आन्सर’ वापरलेलं बरं. मिहानमधल्या कंपन्यांत परदेशी क्लायंटशी रोज बोलणाऱ्यांनी तर हे जिभेवरच बसवावं. ‘सॉरी, आय कुडन्ट पिक अप, आय वॉज इन अ मीटिंग’ हे तयार वाक्य ठेवा, लागतंच.

जाता-जाता घेऊन येणं

दुकानात मुद्दाम जाऊन, चार ठिकाणी भाव करून काही घेतलं तर ‘बाय’. इतवारीत लग्नाचा बस्ता बांधायला सगळं घर गेलं, त्याला ‘पिक अप’ म्हणत नाहीत. घरी येताना वाटेत दूध, औषध, ब्रेड घेतला तर ‘पिक अप’. या शब्दात ‘वाटेवरच आहे, फार कष्ट नाहीत’ असा भाव आहे. म्हणून कुणाला काम सांगताना तो सौम्य वाटतो: ‘कुड यू पिक अप सम मिल्क ऑन यूअर वे होम?’ यात ‘मुद्दाम जा’ असं ओझं नाही.

आधीच आपलं झालेलं, तयार असलेलं काही आणायचं असेल तरी हेच क्रियापद: शिंप्याकडचा ब्लाउज, लाँड्रीतले कपडे, लॅबमधला रिपोर्ट, दुरुस्तीला टाकलेला मोबाइल. ‘यूअर रिपोर्ट इज रेडी, यू कॅन पिक इट अप आफ्टर फाइव्ह.’ कुरिअरवाला तुमच्या दारातून पार्सल नेतो तेही ‘पिक अप’. त्यामुळे ट्रॅकिंगमध्ये ‘पिक्ड अप’ दिसलं तर पार्सल तुमच्याकडून निघालं आहे, तिकडे पोचलेलं नाही. हा गोंधळ नेहमी होतो.

शिकणं, सवय, आजार

या तिन्हींचं मूळ एकच: नकळत, आजूबाजूच्यांकडून येणं. नागपुरात आलेल्या बंगाली सहकाऱ्याने क्लास न लावता, शेजाऱ्यांशी बोलून मराठी आत्मसात केली, तर ‘ही पिक्ड अप मराठी फ्रॉम हिज नेबर्स’. वर्षभर फी भरून, परीक्षा देऊन शिकला असता तर ‘लर्न्ड’ किंवा ‘स्टडीड’. म्हणून ‘आय पिक्ड अप इंजिनिअरिंग फ्रॉम अ कॉलेज’ हास्यास्पद होतं, पण ‘आय पिक्ड अप एसक्यूएल ऑन द जॉब’ मुलाखतीत चांगलं छाप पाडतं. मुद्दाम शिकवलं नसताना काम करता-करता शिकलात, हे त्यातून कळतं. ‘शी पिक्स थिंग्ज अप क्विकली’ ही सहकाऱ्याची मोठी प्रशंसा आहे. शिफारसपत्रात निःसंकोच लिहा.

सवय आणि उच्चाराची ढब यांनाही हेच. ‘ही हॅज पिक्ड अप सम बॅड हॅबिट्स ॲट द हॉस्टेल.’ आजारात मात्र लागण होणारेच घ्या: सर्दी, पोटाचं इन्फेक्शन, विषाणू. ‘आय पिक्ड अप अ स्टमक बग.’ मधुमेह, रक्तदाब, मोडलेला हात यांना ‘पिक अप’ लागत नाही, कारण ते कुणाकडून ‘उचलले’ जात नाहीत.

यंत्रांचंही थोडं असंच. आवाज, सिग्नल, वास हे साधनाने टिपणं म्हणजे ‘पिक अप’. ऑनलाइन मीटिंगमध्ये ‘यूअर माइक इज पिकिंग अप द कूलर’ हे नागपुरी उन्हाळ्यात फार उपयोगी वाक्य आहे.

धंदा, वारा, वेग: कर्म नसलेले अर्थ

इथे ‘पिक अप’ स्वतःच पूर्ण आहे. मधे काही बसवायचा प्रश्नच नाही. मंद पडलेलं काही पुन्हा जोर धरतं, तो अर्थ. ‘कूलर सेल्स पिक अप इन मार्च.’ डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन शहरात भरलं की हॉटेलं आणि टॅक्सीवाल्यांचा धंदा वाढतो: ‘बिझनेस पिक्स अप ड्युरिंग द विंटर सेशन’. पावसाआधी वारा सुटला: ‘द विंड इज पिकिंग अप’. यात ‘पुन्हा वर येणं’ आहे, म्हणून आधीपासून जोरात असलेल्या गोष्टीला ते बसत नाही. ‘बिझनेस हॅज ऑलवेज पिक्ड अप’ असं म्हणता येत नाही.

वेगासाठी मात्र ‘स्पीड’ हे कर्म येतं: ‘द ट्रेन पिक्ड अप स्पीड आफ्टर बुटीबोरी’. ही जोडी घट्ट आहे, ती फोडू नका.

‘गाडीचा पिकअप चांगला आहे’ हे आपलं आवडतं वाक्य. बाहेर मात्र ‘पिकअप’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मागे उघडा हौदा असलेली मालवाहू गाडी येते, कळमन्यात संत्र्यांचे क्रेट घेऊन उभी असते तशी. म्हणून ‘द बाइक हॅज गुड ॲक्सलरेशन’ म्हणा, गैरसमज होणार नाही.

मीटिंगमधली दोन रूपं

‘लेट्स पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ’: मागच्या वेळी जिथे थांबलो तिथून पुढे. शिक्षक, वकील, प्रकल्पाची बैठक घेणारे, सगळ्यांना उपयोगी. शेवटचं ‘ऑफ’ विसरू नका.

दुसरं ‘पिक अप ऑन’. याचे दोन उपयोग: कुणी न बोललेली गोष्ट लक्षात येणं, आणि कुणी मांडलेला मुद्दा पुढे नेणं. ‘शी वॉज अपसेट, बट नोबडी पिक्ड अप ऑन इट.’ ‘आय वुड लाइक टू पिक अप ऑन यूअर पॉइंट अबाउट डिलिव्हरी.’ इथे वरची दुसरी पायरी लागू होत नाही, हे नीट ध्यानात घ्या. क्रियापद तीन तुकड्यांचं झालं की सर्वनाम शेवटी जातं: ‘पिक अप ऑन इट’. ‘पिक अप आफ्टर’ही तसंच. ‘आय ॲम टायर्ड ऑफ पिकिंग अप आफ्टर देम’ म्हणजे यांचा पसारा आवरून मी दमले. ‘पिक ऑन’ मात्र वेगळंच, ‘अप’ नसलेलं; त्याचा अर्थ एखाद्याच्याच मागे लागून त्याला त्रास देणं.

बिलासाठी: ‘द कंपनी पिक्ड अप द बिल’, म्हणजे खर्च कंपनीने उचलला. मराठीतही खर्च उचलतातच, त्यामुळे हे लक्षात ठेवायला जड नाही.

जपून वापरायचे अर्थ

पोलिसांच्या संदर्भात ‘पिक अप’ म्हणजे ताब्यात घेणं. ‘ही वॉज पिक्ड अप बाय द पुलिस’ हे मराठीतल्या ‘पोलिसांनी उचललं’ याचंच जुळं. पोलिसात असलेल्या मामांनी तुम्हाला स्टेशनवरून घरी आणलं असेल, तर ‘माय अंकल पिक्ड मी अप’ म्हणा. कर्ता ‘द पुलिस’ ठेवलात तर अर्थ पालटेल.

दुसरं अधिक नाजूक. अनोळखी व्यक्तीशी ओळख काढून तिला पटवणं, यालाही इंग्रजीत ‘पिक अप’ म्हणतात. ‘ही पिक्ड अप अ गर्ल ॲट फुटाळा’ हे वाक्य सभ्य लिफ्टचं वर्णन म्हणून कुणी वाचणार नाही. नातं किंवा कारण सांगितलं की हा अर्थ गळून पडतो: ‘ही पिक्ड अप हिज सिस्टर फ्रॉम फुटाळा’. अनोळखी माणसाला गाडीत घेतलं असेल, तर ‘ही गेव्ह हर अ लिफ्ट’ सुरक्षित.

उच्चार

मराठीत अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार लांबतो, म्हणून आपण शेतातलं ‘पीक’ दीर्घ म्हणतो आणि तीच जीभ इंग्रजी ‘पिक’लाही लावतो. इथे इकार अगदी आखूड ठेवा. दीर्घ केला तर ऐकणाऱ्याला शिखर या अर्थाचा दुसरा इंग्रजी शब्द ऐकू येतो.

भूतकाळातला ‘पिक्ड’ बोलताना ‘पिक्ट’ होतो. ‘पिकेड’ असा दोन अवयवांचा उच्चार नाही. सलग बोलताना ‘पिक्ड अप’ ऐकू येतं ‘पिक्टप’ आणि ‘पिक इट अप’ होतं ‘पिकिटप’. परदेशी माणसाचं बोलणं कळत नाही, त्याचं मोठं कारण ही जोडणीच आहे. रोज पाच मिनिटं ‘पिकिटप, पिकिमप, पिकरप’ असं मोठ्याने म्हणा, म्हणजे ‘हिम’, ‘हर’ यांतले ह कसे गळतात तेही कानाला कळेल. सर्वनाम मधे असताना जोर ‘अप’वर येतो. नाम असलेल्या ‘पिकअप’मध्ये जोर ‘पिक’वर.

पत्रात काय लिहायचं

‘पिक अप’ बोलीतलं आहे. मित्राच्या मेसेजमध्ये, सहकाऱ्याच्या ईमेलमध्ये शोभतं. बँकेला, विद्यापीठाला, सरकारी कार्यालयाला लिहिताना ‘कलेक्ट’ (कागद, प्रमाणपत्र), ‘आन्सर’ (फोन), ‘ॲक्वायर’ (कौशल्य), ‘इम्प्रूव्ह’ (विक्री) हे शब्द घ्या. ‘आय रिक्वेस्ट यू टू अलाउ माय ब्रदर टू कलेक्ट द सर्टिफिकेट ऑन माय बिहाफ’ यात ‘पिक अप’ लिहिलं तर चूक नाही, पण सूर उतरतो.

सराव

खालची मराठी वाक्यं आधी स्वतः, मोठ्याने, इंग्रजीत म्हणा. मग उत्तरं पाहा. वाचून ‘येतंय की’ वाटतं. बोलताना ‘अप’ कुठे गळतं ते तेव्हाच सापडतं.

१. मला सहा वाजता ऑफिसातून घ्यायला येशील का?
२. किल्ली पडली, उचल ती.
३. किती वेळचा फोन करतोय, ती उचलतच नाही.
४. येताना मेडिकलमधून औषध घेऊन ये.
५. दादाने मजुरांकडून तेलुगू उचलली.
६. दिवाळीनंतर धंदा मंदावला होता, आता जोर धरतोय.
७. परवा कोणी सोडलं आणि कोणी घेऊन आलं तुला?
८. तो चिडला होता, माझ्या ते लक्षातच आलं नाही.

उत्तरं:
१. ‘कॅन यू पिक मी अप फ्रॉम द ऑफिस ॲट सिक्स?’
२. ‘द की हॅज फॉलन. पिक इट अप.’
३. ‘आय हॅव बीन कॉलिंग फॉर अ लाँग टाइम, बट शी इज्न्ट पिकिंग अप.’ इथे ‘पिकिंग अप माय कॉल’ आलं असेल तर फोनचा भाग पुन्हा वाचा.
४. ‘प्लीज पिक अप द मेडिसिन ऑन यूअर वे होम.’ ‘पिक द मेडिसिन अप’ही बरोबर. नुसतं ‘पिक द मेडिसिन’ म्हणजे कोणतं औषध घ्यायचं ते निवड.
५. ‘माय ब्रदर पिक्ड अप तेलुगू फ्रॉम द वर्कर्स.’
६. ‘बिझनेस वॉज स्लो आफ्टर दिवाळी, बट इट इज पिकिंग अप नाऊ.’
७. ‘हू ड्रॉप्ड यू ऑफ अँड हू पिक्ड यू अप द डे बिफोर यस्टर्डे?’ ‘हू’ कर्ता असल्यामुळे यात ‘डिड’ येत नाही. ‘हू डिड पिक यू अप’ म्हणायचा मोह होतो, तो टाळा.
८. ‘ही वॉज अँग्री, बट आय डिडन्ट पिक अप ऑन इट.’ ‘डिडन्ट’ आल्यावर ‘पिक’ मूळ रूपात, आणि ‘इट’ शेवटी. ‘पिक इट अप ऑन’ म्हटलं असेल तर तीन तुकड्यांच्या रूपाचा भाग पुन्हा पाहा. दुसरी पायरी पक्की झालेल्या माणसाची चूक नेमकी इथेच होते.